हिंमतरावांचं उचलणं

बडोद्यात समाकडच्या सुखशांती सोसायटीत कुणाचं काही जड असलं, की पहिली हाक हिंमतराव जगदाळ्यांना. गॅसचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर न्यायचाय, बोलवा हिंमतरावांना. लोखंडी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला करायचंय, बोलवा. गणपतीची मूर्ती टेम्पोत चढवायची, तर बाकीची मंडळी नुसती 'मोरया' म्हणायला, उचलणारा हा एकटा. वरच्या मजल्यावरच्या जसुबेनच्या छुंद्याच्या, म्हणजे कैरीच्या गोड लोणच्याच्या, बरणीचं झाकण अडकलं, तरी त्या नवऱ्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत, बरणी घेऊन थेट खाली यायच्या. माणूस कधी कुणाला नाही म्हणाला नाही. उलट दोन दिवस हाक आली नाही तर हाच कासावीस. मग संध्याकाळी जिन्याशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणार, "काय, बरं चाललंय ना? काही जड-बिड असलं तर सांगा."

आजोबा गायकवाडांच्या पागेत घोडेस्वार. वडील दफ्तरात कारकून, पण पहाटे तालमीत. हिंमतराव स्वतः कोयलीच्या रिफायनरीत ऑपरेटर, उभा जन्म मोठमोठे व्हॉल्व्ह पिळण्यात गेलेला. त्यांच्याशी हात मिळवायला लोक कचरायचे. निवृत्त होऊन वर्ष झालं नव्हतं. घरात बायको अहल्याबाई, विधवा बहीण सुनंदा आणि सुनंदाची मुलगी अवंती. अवंती चालायला लागायच्या आत तिचे वडील गेले, तेव्हापासून पोर मामाच्या खांद्यावर वाढली. शाळेत खांद्यावर, दवाखान्यात खांद्यावर, नवरात्रात गरबा बघायलाही खांद्यावर.

आता या घरात एक पद्धत. नवरीला मामा उचलून आणतो. नुसता हात धरून नव्हे, दोन्ही हातांवर, खोलीपासून बोहल्यापर्यंत, वाटेत तिचा पाय जमिनीला लागता कामा नये. सुनंदाच्या लग्नात त्यांच्या मामांना, फत्तेसिंहरावांना, ताप होता. तरी त्यांनी तिला उचलून आणलं, बोहल्यावर उभं केलं आणि मग आडवे झाले. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की दरवेळी ताप एखाद्या डिग्रीनं चढत गेला. अलीकडं तो अशा आकड्याला पोचला होता की त्या तापात माणूस उभा राहणं सोडा, जिवंत राहणं अवघड.

सत्त्याण्णवच्या दसऱ्याला अवंतीचं लग्न ठरलं. मुलगा ध्रुव पटेल, तिनं स्वतः पसंत केलेला. अलकापुरीत त्याची रक्त तपासायची नवी लॅबोरेटरी होती. परदेशी यंत्रं सुटसुटीत यायला लागली होती आणि ध्रुव त्यांच्याविषयी इतकं बोलायचा, की अवंतीविषयीसुद्धा तितकं बोलत नसे. साखरपुड्याला मामाची पद्धत निघाली तेव्हा ध्रुवची आई खूश झाली. "अमारामां पण मामा ज लावे, मामाच आणतो," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण उचलून?" आणि तिनं एकदा अवंतीकडं पाहिलं, एकदा हिंमतरावांकडं. अवंती काही चवळीची शेंग नव्हती. कॉलेजात गोळाफेकीत तिनं बक्षिसं मारली होती आणि आता एका शाळेत खेळ शिकवत होती.

"उचलून," हिंमतराव म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवला.

हे म्हणताना आपल्या अंगात काय चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती असं नाही, पण ती त्यांनी कुणाला दिली नव्हती. वर्षभर अंग कुरकुरत होतं. मांड्या दुखायच्या, पाठ दुखायची, खुर्चीतून उठताना हातांना जोर द्यावा लागायचा. तहान तर अशी, की तांब्या भरावा आणि रिकामा करावा, आणि तो रिकामा झाला की यांनी मोरीकडं पळावं. सकाळचा कार्यक्रम इसबगोलशिवाय उरकेना. त्यातून पथरी दोनदा झाली होती. पण बडोद्यात पथरी झाली नाही असा माणूस तुम्ही मला दाखवा. हिंमतरावांनी पडलेले दोन्ही खडे एका डबीत ठेवले होते आणि पाहुणा चांगला जमला की चहानंतर ते दाखवायचे. पथरीला एक डॉक्टर, पोटाला एक वैद्य, पाठीला अहल्याबाईंचं तेल. ज्याचं त्याचं खातं वेगळं. ही सगळी एकाच घरची भावंडं असतील असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

स्वभावही फिरला होता. गणपतीच्या आरतीत हा माणूस उभ्या उभ्या पेंगला. स्कूटरची किल्ली दह्याच्या भांड्यात सापडली. अहल्याबाई म्हणाल्या, "रिटायर झाल्याचं मनाला लागलंय." सुनंदा म्हणाली, "दृष्ट लागली." हिंमतराव काहीच म्हणाले नाहीत, नुसते भिंतीकडं बघत बसले. अहल्याबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली, कारण गप्प नवरा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

दिवाळीच्या आधी जसुबेन बरणी घेऊन आल्या. पाहुणे बसले होते, छुंदो हवा होता, झाकण हलेना. हिंमतराव उठले, बरणी छातीशी धरली आणि पिळली. कडकन आवाज झाला.

"उघडलं," जसुबेन म्हणाल्या.

झाकण जागचं हललं नव्हतं. हिंमतरावांचं बोट मोडलं होतं.

व्हॉल्व्ह पिळणाऱ्या जगदाळ्यांचं बोट छुंद्याच्या बरणीनं मोडलं ही बातमी सोसायटीभर झाली आणि सगळ्यांनी एकमुखानं निदान करून टाकलं: कॅल्शियम कमी. हाडाच्या डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधली आणि तेही तेच म्हणाले. टीव्हीवर तेव्हा नवेनवे चॅनल आले होते आणि प्रत्येकावर कुणी ना कुणी पांढराशुभ्र पेला हातात घेऊन हाडांबद्दल बोलत असे. झालं, सगळे कामाला लागले. अहल्याबाईंनी खंडेराव मार्केटातून तीळ आणले, नाचणी आणली, लाडू वळले, आंबील केली. सुनंदा रात्री लोटाभर दूध घेऊन उशाशी उभी राहू लागली. औषधाच्या दुकानातून गोळ्या आल्या. आणि जसुबेनना तर अपराधीच वाटत होतं, शेवटी बरणी त्यांची. त्या रोज सकाळी वाटीभर दही आणायच्या आणि त्यात गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना. आपल्या सासऱ्यांची हाडं याच चुन्यानं नव्वदीपर्यंत टिकली, असं त्या सांगायच्या. पुढंपुढं तो दाणा हरभऱ्याएवढा झाला, कारण गुण येत नव्हता.

गुण येईनाच. जितकं खावं तितका माणूस खचे. मळमळ सुरू झाली, जेवण जाईना. उत्तरायणाला सगळी सोसायटी गच्चीवर पतंग उडवत होती आणि हिंमतराव खाली पलंगावर पडून 'काप्यो'च्या आरोळ्या ऐकत होते. तिळगुळाची वडी मात्र त्यांना सोडवली नाही. तिळात कॅल्शियम असतं ना.

तिसऱ्या दिवशी ध्रुव आला. लॅबोरेटरीत नवं यंत्र बसलं होतं, थेंबभर रक्त दिलं की एका दमात वीस गोष्टी सांगणारं. त्याला कुणावर तरी ते चालवून बघायचं होतं आणि होणारा मामेसासरा असा आयता पडलेला. "मामा, जरा ब्लड आपो ने," म्हणत त्यानं सुई टोचलीसुद्धा.

संध्याकाळी त्याचा चेहरा उतरलेला. यंत्र बिघडलंय, तो म्हणाला. बाकी सगळं ठीक दाखवतं, पण मामांचं कॅल्शियम असं दाखवतं की ते माणसाचं नसून भिंतीचं असावं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा रक्त घेतलं. आकडा तोच. त्यानं स्वतःचं तपासलं, ते बरोबर निघालं. अवंतीचं तपासलं, तेही बरोबर. तेव्हा त्यानं यंत्रावरचा राग सोडला आणि मामांना डॉक्टर मोहना फाटकांकडं नेलं. या बाई ग्रंथींच्या डॉक्टर. बडोद्यात तेव्हा असं नुसतं ग्रंथींचं बघणारं कुणी असतं हेच लोकांना ठाऊक नव्हतं.

मोहनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाठ, तहान, मोरी, इसबगोल, खडे, किल्ली, बोट. डबी दाखवली तर तीही त्यांनी उघडून पाहिली, त्यामुळं हिंमतरावांचं त्यांच्याविषयी मत चांगलं झालं. मग रक्त मुंबईला गेलं, एका तपासणीसाठी. "मी जन्मात विमानात बसलो नाही, माझं रक्त बसलं," हिंमतराव महिनाभर सांगत होते. उत्तर आलं, मानेची सोनोग्राफी झाली, आणि बाईंनी सगळ्या कुटुंबाला समोर बसवलं.

"गळ्यात थायरॉइडच्या मागं चार बारक्या ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "पॅराथायरॉइड. तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम बेताचं ठेवायचं. कमी पडलं की त्या हाडांना हुकूम सोडतात, थोडं काढून दे. पुरेसं झालं की गप्प बसतात. तुमची एक ग्रंथी सुजून बोराएवढी झालीय आणि ती गप्प बसतच नाही. रक्त भरून वाहतंय, तरी हुकूम चालूच. हाडं देतायत, देतायत आणि पोकळ होतायत. रक्तातलं जादा मूत्रपिंडात जातं, तिथं खडे. तहान त्यामुळंच, पोट त्यामुळंच, ती उदासीसुद्धा त्यामुळंच."

अहल्याबाईंना काही कळलं नाही. हिंमतरावांना मात्र लख्ख कळलं. "म्हणजे कंट्रोलर अडकलाय," ते म्हणाले. "लाइन फुल आहे आणि हा टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतोय. टाकी रिकामी."

"अगदी बरोबर."

"आणि आम्ही त्या भरलेल्या लाइनीत वरून चुना ओततोय."

सुनंदानं लोट्याची आठवण येऊन तोंडाला पदर लावला. बाईंनी गोळ्या आणि चुना त्याच मिनिटाला बंद केले, पाणी भरपूर प्यायला सांगितलं आणि ती एक ग्रंथी काढून टाकावी लागेल म्हणाल्या.

"काढू की," हिंमतराव म्हणाले. "वैशाखात भाचीचं लग्न आहे. तिला उचलून आणायचंय. त्यानंतर काढू."

बाईंनी हाताचा एक्स-रे उजेडाकडं धरला. बोटांची हाडं कडेनं कुरतडल्यासारखी दिसत होती. "उचलाल तुम्ही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण मग दोघंही बरोबरच खाली याल. ऑपरेशन आत्ता झालं तरी हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष जाईल. तोवर पाण्याची बादलीसुद्धा नाही."

बाईमाणूस आहे, भित्री आहे, असं हिंमतरावांनी घरी येईपर्यंत मनाशी ठरवलं. दुपारी सगळे कलंडल्यावर ते मागच्या गॅलरीत गेले. तिथं भरलेला सिलिंडर उभा होता, रोजचा ओळखीचा. अवंतीपुढं तो म्हणजे निम्मासुद्धा नाही. हिंमतरावांनी धोतर खोचलं, 'जय बजरंग' म्हटलं आणि कडीला हात घातला. पाठीतून कळ अशी आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. सिलिंडर होता तिथंच. पुन्हा घातला हात. पुन्हा तेच. मग ते त्याच सिलिंडरवर बसले.

अवंती पाणी प्यायला उठली होती, तिनं पाहिलं. ती येऊन खाली फरशीवर बसली.

"मामा, मला चालता येतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. मीच शिकवलंय."

"मग?"

हिंमतरावांनी मोडलेलं बोट चोळलं. "तुझा बाप गेला तेव्हा तू एवढीशी होतीस," ते म्हणाले. "त्या दिवशी तुला उचललं तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, हिला शेवटचं उचलायचं ते बोहल्यावर ठेवायला. बाकी मी काय दिलं तुला? एवढं एकच होतं माझ्याकडं. आता भीती वाटते गं. मी टाकीन तुला." आणि कोयलीच्या व्हॉल्व्हना न घाबरलेला तो गडी रडायला लागला. अवंतीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "ऑपरेशन करा. नुसते लग्नाला या. मला तेवढं पुरे." त्यांनी मान डोलावली.

ऑपरेशन झालं. ग्रंथी निघाली. ती डबीत ठेवायला मिळेल का, असं हिंमतरावांनी विचारलं, पण मिळाली नाही. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचे ओठ बधिर झाले, बोटं झिणझिणायला लागली आणि पायात गोळे आले. "अहल्या, अर्धांग आलं," त्यांनी जाहीर केलं आणि निरवानिरवीचं बोलू लागले. मोहनाबाई आल्या त्या चक्क हसत.

"तुमची हाडं भुकेली आहेत," त्या म्हणाल्या. "इतके दिवस लुटली गेली, आता हुकूम थांबला तशी रक्तातलं सगळं ओढून घेतायत. द्या त्यांना. सलाइनमधून देतेच आहे. घरी गेल्यावर गोळ्या, दूध, नाचणी, तीळ, सगळं चालू करा."

अहल्याबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. महिन्याभरापूर्वी याच बाईनं सांगितलं म्हणून त्यांनी घरातून कॅल्शियमची निशाणीसुद्धा ठेवली नव्हती. गोळ्या फेकल्या होत्या. लाडू जसुबेनकडं गेले होते, वर "तुमच्या चुन्यानंच घात केला" असं सुनंदानं सुनावलं होतं आणि त्यापायी दोन घरांतलं बोलणंही बंद होतं. आता त्याच जसुबेनकडं जाऊन लाडू परत मागायचे. अहल्याबाई गेल्या. जसुबेननं लाडू दिले, वर ताजं दही दिलं आणि म्हणाल्या, "हुं तो पहेलेथी कहेती हती." चुन्याला मात्र डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, ते त्या अजून मानत नाहीत.

महिन्याभरात तहान गेली. इसबगोलचा डबा फळीवर गेला. हिंमतराव पुन्हा बोलायला लागले आणि इतके बोलायला लागले की अहल्याबाईंना त्या भिंतीकडं बघण्याचे दिवस आठवून कधीकधी बरं वाटायचं. हाडं मात्र हळूहळूच भरणार होती. बादलीची बंदी कायम होती.

वैशाखात लग्न लागलं, हॉलमध्ये, व्हिडिओवाल्यासकट. खोलीपासून मांडवापर्यंत लाल जाजम आणि पुढं बोहल्याला चढायला तीन पायऱ्या. दोन्हीकडची मंडळी उभी. हिंमतराव फेटा बांधून खोलीच्या दारात, शेजारी शालू नेसलेली अवंती. ध्रुवची आई पुढं होऊन कौतुकानं म्हणाली, "मामा, हवे उपाडो, उचला आता."

"नाही," हिंमतराव म्हणाले. "उचलणार नाही. डॉक्टरांनी मना केलंय." जन्मात पहिल्यांदा हा शब्द त्या तोंडातून आला, आणि सोसायटीतली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. त्यांनी अवंतीचा हात धरला आणि ते निघाले.

जाजमावर ठीक होतं. पहिल्या पायरीला गुडघा लटपटला. घामानं फेटा ओला झाला. ऑपरेशनआधी झिजलेली मांडीची हाडं, वर चार दिवसांची लग्नाची धावपळ. दुसऱ्या पायरीला ते थांबले. अवंतीनं मान खाली घातलेली, नवरीनं घालावी तशी. ओठ न हलवता ती म्हणाली, "मामा, भार टाका. मी धरलंय." आणि शेल्याच्या आडून तिनं गोळाफेकीचा तो हात त्यांच्या कमरेभोवती घातला. तिसऱ्या पायरीला हिंमतरावांचे पाय लागलेच नाहीत. वर पोचले तेव्हा छाती पुढं, मिशी ताठ. व्हिडिओत बघाल तर मामानं नवरीला काय झोकात आणलीय असंच वाटेल.

हे तिथंच राहिलं असतं. पण पंगतीत जसुबेननं हळहळून म्हटलं, "बिचारी छोकरी, आखरे चालीने आवी." हिंमतरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि ते उभे राहिले. "कोण म्हणतं चालून आली?" त्यांचा आवाज स्वयंपाक्यापर्यंत गेला. "शेवटची पायरी हिनं मला उचलून आणलाय. आमच्यात उचलायची पद्धत आहे, ती पाळली गेली. कुणी कुणाला उचलायचं हे कुणी ठरवलंय?" ध्रुवच्या आईला कुणीतरी गुजरातीत अर्थ सांगितला. अवंती हसता हसता रडायला लागली आणि अहल्याबाईंनी नवऱ्याच्या ताटाशी दुधाचा पेला सरकवला.

आता त्या घरात फत्तेसिंहरावांच्या तापाची गोष्ट झाली की ही गोष्ट होते. सांगतात हिंमतरावच. तिनाच्या पाच पायऱ्या झाल्या, पाचाच्या अकरा. अवंती माहेरी आली की दरवेळी म्हणते, "मामा, तीनच होत्या."

"तुला काय कळतंय," ते म्हणतात. "तुझं लक्ष कुठं होतं पायऱ्यांकडं? तू मला धरून होतीस."